बाळंतपण वर्ग करणेबाबत

सावळमाळच्या सौ. ऋतुजा निखिल उतेकर सुखरूप बाळंत झाल्या. मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत, रंग गुलाबी. आई आणि बाळ दोघींची तब्येत उत्तम असून दोघींनी योजनेचे आभार मानले आहेत.

आता हे विसरून जा. असं काही झालेलंच नाही. गोष्ट खरी इथून सुरू होते.

ऋतुजा शेगडीपुढे उभी राहून चहा गाळत होती. दिवस भरत आले होते. ओटा आणि हात यांच्यामध्ये पोट येत असल्यामुळे तिला चहा तिरकं उभं राहून गाळावा लागत होता. चहा सरपंचांसाठी होता. सरपंच ओसरीवर पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. ऋतुजा बाळंत झाली म्हणून ते अभिनंदन करायला आले होते.

“वैनी, आजी झालात! तोंड गोड करा.”

ऋतुजाच्या सासूने, म्हणजे शीतलने, एक पेढा उचलला, उलटा करून पाहिला, वास घेतला आणि परत ठेवला.

“कोण बाळंत झालं?”

“तुमची सून.”

“ती आत चहा करतीय.”

“बघा!” सरपंचांचा ऊर भरून आला. “बाळंतीण दुसऱ्याच दिवशी उठून चहा करतीय. ही योजनेची ताकद.”

तेवढ्यात ऋतुजा कपबश्या घेऊन बाहेर आली. सरपंचांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग पुन्हा पोटाकडे. त्यांची सगळी हयात राजकारणात गेली होती. ते मोबाईलच्या बाजूने उभे राहिले.

“चेहरा कसा भरलाय,” ते म्हणाले. “बाळंतपण मानवलं पोरीला.”

चेहरा खरंच भरला होता. इतका, की डोळे बारीक झाले होते आणि बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. पण त्या दिवशी ते कुणी मनावर घेतलं नाही. पेढे बरे होते.

शीतल मुळात संशयी बाई होती, आणि त्याला कारण होतं. ती त्या पिढीतली, जिच्या हातात ऐन तरुणपणी मोबाईल आला. नव्या नोटेत चिप असते असं मोबाईलवर वाचून तिने एक नोट उभी फाडली होती. कांद्याने साप पळतो असं वाचून उंबऱ्यावर कांदे ठेवले होते आणि त्यातल्याच एका कांद्याजवळ साप मारला होता. तेव्हापासून जे चमकतं, वाजतं आणि आपल्याला ‘ताई’ म्हणतं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. दूधवाल्यावर तिचा संशय होता, वीजमीटरवर होता, सुनेवर तर होताच.

तरीही ती फसली. कशी, ते कळण्यासाठी पट्टा समजून घ्यावा लागेल.

‘सुखप्रसू’ पट्टा दिसायला साध्या कमरपट्ट्यासारखा होता. आतल्या बाजूने नखाएवढ्या चकत्या. गर्भाशय म्हणजे एक स्नायूच, आणि कोणताही स्नायू आकसताना विजेची अगदी बारीक लहर सोडतो. चकत्या त्या लहरी टिपायच्या. शिवाय बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जाणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकायच्या. गरोदरपणात वारेला रक्त पुरवणाऱ्या नळ्या ऐसपैस रुंद व्हाव्या लागतात. काही बायकांच्या त्या होत नाहीत. मग अरुंद नळीतून रक्त जोर करून जातं, पुढे बाईचा रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, डोकं ठणकतं, नजर बिघडते आणि एक दिवस झटके येतात. बाळंतपणात बायका दगावण्याचं हे एक जुनं, मोठं कारण. पट्ट्याला नळीतल्या रक्ताची ती चुरचुर फार आधीपासून ऐकू यायची. लाखो बायकांची गरोदरपणं त्याने आधीच ऐकून ठेवलेली होती. त्यांच्याशी ताडून तो सांगायचा, ही हिरवी, हिला काही होणार नाही. ही लाल, हिला आत्ताच दवाखान्याजवळ आणून ठेवा.

आणि त्याचं खरं व्हायचं. जवळजवळ दर वेळी. हीच तर पंचाईत होती.

कारण भाकीत इतकं खरं ठरतंय म्हटल्यावर ज्या बायका हिरव्या आहेत त्यांच्यासाठी धावपळ कशाला, असा विचार वर कुणीतरी केला. चार गावांना मिळून एक सिस्टर होत्या, त्यांना आठ गावं दिली, कारण काम कमी झालं होतं. त्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र परत मागवलं, कारण पट्टा आहे. मग मार्चअखेर आली. वर्षाचं उद्दिष्ट थोडं कमी पडत होतं. तेव्हा वर कुणीतरी आणखी एक विचार केला. हिरव्या बाईचं बाळंतपण सुखरूप होणारच आहे, फक्त एप्रिलमध्ये होणार आहे. मग एवढ्यासाठी नोंद कशाला थांबवायची? यात लबाडी नव्हती, हे सांगायला हवं. शंभर टक्के होणारी गोष्ट त्यांनी थोडी अगोदर झाली असं धरलं, एवढंच.

तर अशा रीतीने ऋतुजा एकतीस मार्चला बाळंत झाली.

पट्ट्याची दुसरी खोड अशी, की त्याला गप्प राहता येत नसे. पट्टा सरकला, चकती घामाने सुटली, तर मधला आवाज ऐकू यायचा नाही. मग तो जागा मोकळी न सोडता इतर बायकांच्या सरासरीवरून भरून काढायचा. ओल लागून पुसलेली ओळ आपण अंदाजाने वाचतो, तसं. फरक एवढाच, की आपण अडखळतो. पट्टा अडखळायचा नाही.

आता सावळमाळ. सह्याद्रीत कोयनेच्या धरणाचं पाणी मागे जिथवर पसरतं, तिथल्या पाण्याच्या एका फाट्यावर हे गाव आहे. पुरुष बहुतेक सगळे नव्या मुंबईच्या बाजारात कामाला, ते शिमग्याला आणि गणपतीला येतात. घाटरस्ता दोन पावसाळ्यांपूर्वी दरीत उतरला, तो अजून वर आलेला नाही. पलीकडच्या शिरसवाडीला रुग्णालय आहे, तिथे जायला योजनेची लाँच. ती लाँच पट्ट्याच्या हाकेलाच येते आणि पट्टा बांधलेली पेशंट आत झोपल्याशिवाय तिचं इंजिन सुरू होत नाही. पूर्वी लाँचमधून पोल्ट्रीच्या कोंबड्या नेल्या गेल्या होत्या, म्हणून हा नियम.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची पद्धत. ऋतुजाचं माहेर कराडजवळ. तिच्या आईने डिंकाचे लाडू करून डबे भरले होते. पण पट्ट्याची नोंद सासरच्या गावी, आणि गाव सोडलं की लाभ बंद. “नियम आहे,” असं शीतलने सांगितलं आणि ऋतुजाचं माहेरी जाणं थांबलं. नियम होता हे खरं. पण नवरा गेल्यावर आणि मुलगा मुंबईला राहिल्यावर एवढ्या घरात एकटीने दिवस काढायला शीतल घाबरत होती, हेही खरं. ते तिने कुणाला सांगितलं नाही. सुनेलाही आडून कळलं असेल, पण दोघींनी ते नियमावर ढकललं आणि एकमेकींवर डूख धरला.

ऋतुजाच्या कमरेवर पट्टा पहिल्यापासूनच सरकायचा. मार्चचं ऊन चढलं तसा त्याखाली तिच्या पोटाला घाम धरायला लागला. पुरळ उठलं, त्याचं रक्त यायला लागलं. तिने पट्टा काढून खुंटीला लावला. पट्टा लगेच बोलायला लागला.

“ताई, आपण कुठे आहात?”

थोड्या वेळाने पुन्हा. “ताई, आपण कुठे आहात? आम्हाला आपली काळजी वाटते.”

गावभर ऐकू जाईल म्हणून शीतलने तो पदराखाली घेतला. पट्टा अंगाच्या उबेने गप्प झाला. काढला की बोलायचा. शेवटी तिने तो स्वतःच्या कमरेला बांधला.

“सुनेला दोन दिवस आराम,” ती स्वतःशी म्हणाली.

दोन दिवसांनी पुरळ गेलं, पण पट्टा शीतलकडेच राहिला. दुपारी जेवणात घेवड्याची आमटी असायची. घेवडा वातूळ. शीतल जरा आडवी झाली की तिच्या पोटात गुडगुड व्हायची आणि पट्टा कौतुकाने म्हणायचा, “बाळाची हालचाल उत्तम. शाब्बास ताई!”

बाकीचं सगळं तो सरासरीवरून भरत होता.

शीतलला हे सुखवायला लागलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. ती कुठे आहे हे तर कुणी विचारलंच नव्हतं. सकाळी उठून ती पट्ट्यावरचा हिरवा दिवा बघायची आणि तिला बरं वाटायचं. आपली सून ठणठणीत आहे, असं वाटायचं. जगात कशावर म्हणून विश्वास न ठेवणारी बाई या दिव्यावर विश्वासली. पट्टा तिच्या कमरेला होता, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

सरपंच पेढे देऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा भाकरी थापायला उभी राहिली.

“आत्या, डोकं फुटतंय.”

“रोजच फुटतंय. माहेरी गेलीस की सांधतंय.”

“खरंच दुखतंय ओ.”

“तुझ्या आईचा फोन आला की जास्त दुखतंय. मी बघत न्हाई व्हय?” शीतल लसूण सोलत होती. सुनेचं हे दुखणं कराडला जाण्यासाठी आहे, याबद्दल तिला खात्री होती. तिने आदल्या दिवशी सुनेची ट्रंकही उघडून पाहिली होती. साड्या घड्या घालून ठेवल्या होत्या. घडी घातलेली साडी म्हणजे पुरावाच.

ऋतुजाने भाकरी उचलली आणि तशीच थांबली.

“आत्या, तवं दोन दिसत्यात.”

“मग एकावर तू टाक, दुसऱ्यावर मी बघते.”

ऋतुजाने भाकरी टाकली. ती शेगडीच्या शेजारी, ओट्याच्या फरशीवर पडली. ऋतुजा फरशीकडे बघत राहिली. भाकरी भाजली जाण्याची वाट बघत असल्यासारखी.

शीतल उठली. सोंग असेल तर फारच बारकाईने केलेलं होतं.

“नाटकं करू नगं. यंत्र बघ काय सांगतंय.” तिने पदर सारून कमरेचा दिवा दाखवला. “हिरवंगार हाय. काही झालेलं न्हाई तुला.”

ऋतुजाने सुजलेल्या डोळ्यांनी दिव्याकडे पाहिलं.

“आत्या,” ती म्हणाली, “यंत्र तुमच्या कमरेला हाय.”

शीतलने खाली पाहिलं. पट्टा तिच्या कमरेला होता. दिवा हिरवा होता. पोटात आदल्या रात्रीचा घेवडा गुडगुडला.

“बाळाची हालचाल उत्तम,” पट्टा म्हणाला.

शीतलच्या हातातला लसूण खाली पडला. इतके दिवस तिने दूधवाल्याला धरलं, मीटरला धरलं, सुनेला धरलं. एक तेवढी स्वतःची कंबर तपासायची राहिली होती.

तिने ऋतुजाला भिंतीला टेकवून बसवलं. पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. तिने सिस्टरना फोन लावला. सिस्टर आठव्या गावात होत्या, तिथे रेंज नव्हती. मग तिने योजनेला फोन लावला. तिकडून तोच आवाज आला, पट्ट्यातला.

“नमस्कार ताई. काय मदत करू?”

“माझ्या सुनेला लाँच पाठवा. ऋतुजा उतेकर. अंग सुजलंय, नजर गेलीय, डोकं फुटायला लागलंय.”

“सौ. ऋतुजा उतेकर सुखरूप बाळंत झाल्या आहेत. अभिनंदन!”

“अगं बाई, ती समोर पोट घेऊन बसलीय!”

“बाळंतपणानंतर पोट काही दिवस राहतं. काळजी करू नये.”

“पोटात पोर हाय त्यात!”

“मुलगी आहे. वजन चांगलं आहे. बाळाला पहिली लस दिली का?”

शीतलने डोळे मिटले. तिच्या लग्नाला मानपानावरून भांडण झालं होतं, तेव्हाही तिला इतकं हताश वाटलं नव्हतं. माणसाशी भांडता येतं. माणूस निदान चिडतो.

“पोर झालेलंच न्हाई,” ती एकेक शब्द तोडून म्हणाली. “तुझ्याजवळ चुकीचं लिहिलंय.”

“आपली तक्रार नोंदवली आहे. नोंद दुरुस्तीसाठी बाळासह समक्ष उपस्थित राहावं.”

मागे ऋतुजा ओकली. शीतलने फोन कानापासून काढला. आता पट्टा आपणहून बोलायला लागला. एकतीस तारखेपासून तो रिकामा धरला गेला होता, कारण ज्या बाईच्या नावावर तो होता ती बाळंत झाली होती. पण त्याला अजून पोटातली गुडगुड ऐकू येत होती.

“नवीन हालचाल जाणवते. ताई, पट्टा कुणी बांधला आहे?”

“मी,” शीतल म्हणाली.

“आपलं नाव?”

इथे शीतलच्या आयुष्यभराच्या संशयाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला. हे यंत्र खोटं बोलतंय, हे तिला कळलं होतं. तर मग त्याला त्याच्याच भाषेत बोललेलं चालेल, हेही कळलं.

“शीतल उतेकर.”

“वय?”

“पंचावन्न.”

पट्टा अडखळला. तो आल्यापासून पहिल्यांदाच अडखळला. लाखो बायकांच्या गरोदरपणात त्याला पंचावन्न वर्षांची एकही सापडत नसणार. मग दिवा लाल झाला आणि पट्टा ठणाणा करायला लागला.

“अतिजोखीम! ताई, आपण जिथे आहात तिथेच आडव्या व्हा. लाँच निघाली आहे. सोबतीला एक नातेवाईक आणता येईल.”

शीतल आडवी झाली नाही. तिने ओसरीवरून वाडीतल्या बायकांना हाक मारली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि गावापासून लांब जातं. मध्ये उरतो तो गाळ. वरून वाळून भेगाळलेला, आतून ओला. त्या गाळावरून बायकांनी ऋतुजाला बाजेवर घालून नेलं. शीतल पुढे पट्टा बडवत चालली होती, कारण चालताना पट्टा “ताई, चालू नका” म्हणून ओरडत होता.

“आत्या,” बाजेवरून ऋतुजा म्हणाली, “सांज झाली का?”

ऊन डोक्यावर होतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“झाली थोडी,” शीतल म्हणाली. “डोळं मीट.”

लाँच चालवणाऱ्या अक्षय सपकाळने फळी टाकली आणि बाजेकडे पाहिलं. “पेशंट ही ना?”

“पेशंट मी,” शीतलने पट्टा दाखवला. “ही सोबतीण.”

अक्षयने पंचावन्न वर्षांच्या पेशंटकडे पाहिलं, मग बाजेवरच्या सोबतिणीच्या पोटाकडे पाहिलं. त्याच्याही नोकरीचा प्रश्न होता.

“आत्ती, नाव तुमचं आलंय, पट्टा तुमच्यापाशी हाय,” तो सावकाश म्हणाला. “मला दुसरं काय दिसत न्हाई. माझी नजर आधीपासूनच कमी हाय. झोपा.”

शीतल स्ट्रेचरवर झोपली. इंजिन सुरू झालं. ऋतुजाला शेजारी खाली, घोंगड्यावर ठेवलं. लाँच फाट्यातून मोठ्या पाण्यात आली.

मध्यावर ऋतुजाचं अंग ताठ झालं. मान मागे गेली, दातखीळ बसली आणि सगळं शरीर झटके द्यायला लागलं.

शीतल उठून तिच्याकडे झेपावली. इंजिन बंद पडलं.

“पेशंट जागेवर नाही,” लाँच म्हणाली.

पाणी शांत झालं. फक्त ऋतुजाच्या टाचा फळीवर आपटत होत्या.

“आत्ती, झोपा!” अक्षय ओरडला. “झोपल्याबिगर चालू होत न्हाई ही!”

“अरे, माझी पोर—”

“झोपा म्हणतो ना!”

शीतल परत जाऊन झोपली. आडवी पडून, वर लाँचच्या कापडी छताकडे बघत, तिने एक हात खाली सोडला आणि ऋतुजाचा खांदा धरला. इंजिन सुरू झालं. तिच्या आयुष्यात तिने पुष्कळ कामं केली होती, पण सून खाली तडफडत असताना पाठीवर पडून राहणं, यापेक्षा कठीण कधी काही केलं नव्हतं. हात पोचेना. ती स्ट्रेचरच्या कडेला सरकली, अजून सरकली. इंजिन कचरलं. ती परत मध्ये आली.

“अक्षय,” ती म्हणाली, “तिला वर दे. माझ्यापाशी.”

अक्षयने सुकाणू दोरीने अडकवलं आणि ऋतुजाला उचलून स्ट्रेचरवर शीतलच्या कुशीत ठेवलं, डाव्या कुशीवर. एका बाईसाठी केलेल्या जागेत दोघी मावल्या, कशा ते त्यांनाच माहीत. झटके थांबले होते. ऋतुजा घोरल्यासारखा श्वास घेत होती. दोघींच्या मधल्या पोटात काहीतरी जोराने हललं आणि ते पट्ट्याला ऐकू आलं.

“बाळाची हालचाल उत्तम,” पट्टा म्हणाला. हे एवढंच तो खरं बोलला.

“गप बस,” शीतल म्हणाली, आणि रडायला लागली.

शिरसवाडीच्या रुग्णालयात डॉ. जंगम नावाची तरुण डॉक्टर होती. तिने स्क्रीनवर पाहिलं, मग स्ट्रेचरवर पाहिलं.

“पेशंट कोण?”

“मी,” शीतल म्हणाली. “पण मला काही झालेलं न्हाई. हिला वाचवा. हिचं बाळंतपण तुमच्याकडं झालंय म्हणत्यात. ते खोटं हाय.”

डॉ. जंगमनी पुढे काही विचारलं नाही. तिने टेबलाच्या खणातून हाताने फुगवायचं रक्तदाबाचं जुनं यंत्र काढलं, ऋतुजाच्या दंडाला बांधलं, आकडा पाहिला आणि तोंडातून एक शब्द काढला, जो डॉक्टरांनी पेशंटपुढे काढू नये. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. ऑपरेशनची खोली उघडायला नाव टाकावं लागतं. ऋतुजाचं नाव टाकलं तर खोली उघडेना, कारण झालेल्या बाळंतपणाचं ऑपरेशन होत नाही.

“तुमचं नाव चालेल?” तिने शीतलला विचारलं.

“घाला. माझं काय जातंय.”

“वय पंचावन्न आहे. चौकशी होईल.”

“होऊ दे. मलाबी काही विचारायचंय त्यांना.”

बाहेरच्या बाकावर शीतल बसून राहिली. आत सून जगेल की नाही, हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं. “माहीत नाही,” ती दारातून म्हणाली होती. “प्रयत्न करते.” शीतलला त्यातल्या पहिल्या दोन शब्दांचा मोठा आधार वाटला. बऱ्याच दिवसांत तिला कुणीतरी खरं सांगितलं होतं.

मुलगा झाला. लहानसा, मुठीएवढ्या तोंडाचा. त्याला उबेच्या पेटीत ठेवलं. ऋतुजाचा दाब उतरायला वेळ लागला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा छताकडे पाहिलं, मग सासूकडे.

“आत्या, एकच दिसताय.”

“एकच पुष्कळ झाली तुला,” शीतल म्हणाली, आणि पदर तोंडात धरला. थोड्या वेळाने म्हणाली, “कराडला जा आता. बाळ पेटीतनं निघालं की जा. मी राहीन एकटी. भीती वाटतीय, पण राहीन.”

ऋतुजा हसली. “भीती वाटतीय तर तुम्हीबी चला की. तुम्हीच तर बाळंतीण.”

ते खरंच होतं. घरी जाण्याच्या वेळी शीतलला वजन उचलू नये, अंगावर पाजावं, असा सल्ला मिळाला. संध्याकाळी निखिलचा मुंबईहून फोन आला.

“आई, मला मेसेज आलाय, तुला मुलगा झाला.”

“हो.”

“आणि मला मुलगी झालीय म्हणं.”

“तसं लिहिलंय त्यांनी.”

“म्हणजे खरं काय धरू?”

“खरं एवढंच, की तुझी बायको जिवंत हाय. बाकीचं सरकार ठरवंल.”

कराडला जाण्यापूर्वी शीतल वरच्या वाडीत जाऊन आली. तिथल्या एका गरोदर पोरीचा दिवा हिरवा होता आणि तिला अभिनंदनाचा निरोपही आला होता. शीतलने विचारलं, “पट्टा कुठाय गं?” पोरीने लाजत गोठ्याकडे बोट केलं. गोठ्यात एक गाभण शेळी पट्टा बांधून उभी होती. तिची तब्येत उत्तम होती. शीतलने तिथल्या तिथे डॉ. जंगमना फोन लावला, पोरीला पुढच्या लाँचला घातलं, आणि सोबत शेळीही घातली, कारण पोर नोंदीत बाळंत झालेली होती, पट्ट्याने नवी पेशंट म्हणून शेळीला धरलं होतं, आणि इंजिन सुरू व्हायला पेशंट लागतो.

मग कराडच्या माहेरी, डिंकाचा लाडू खात, शीतलने हा अर्ज केला.

प्रति,
मा. संचालक,
सुखप्रसू योजना कक्ष.

विषय: बाळंतपण वर्ग करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी खाली सही करणार श्रीमती शीतल उतेकर, वय पंचावन्न, विधवा, आपल्या नोंदीनुसार दिनांक दोन एप्रिल रोजी मुलाला जन्म दिला आहे. सदर मुलगा माझ्या सुनेचा असून तो सध्या तिचा दीर म्हणून नोंदला गेला आहे. तरी माझे बाळंतपण सर्व लाभांसह माझ्या सुनेच्या नावे वर्ग करण्यात यावे. सुनेस एकतीस मार्च रोजी आपण परस्पर दिलेली मुलगी आम्हास अद्याप प्राप्त झालेली नाही. तिची लस चुकल्याबद्दल आम्हास रोज फोन येतात. सदर मुलगी कक्षाकडे शिल्लक असल्यास पाठवावी, आम्ही सांभाळू. नसल्यास तसे लेखी कळवावे.

तसेच वरच्या वाडीतील शेळीचे नाव लाभार्थी यादीत तसेच ठेवावे, तिला त्रास नाही.

शेवटी विनंती की, पट्ट्यास जेव्हा काही ऐकू येत नसेल, तेव्हा ‘मला माहीत नाही’ असे म्हणण्याची मुभा त्यास शासन निर्णयाद्वारे देण्यात यावी, व यथावकाश तीच मुभा आपल्या कक्षातील अधिकाऱ्यांनाही लागू करण्यात यावी.